हस्ताचा पाऊस, फ्रीमाँटच्या अंगणात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आलात आणि मागे अंगण असलेलं घर घेतलं. आधीच्या मालकाने लावलेलं जर्दाळूचं आणि डाळिंबाचं झाड आहे, एक लिंबू आहे, कुंड्यांत कढीपत्ता, तुळस, मोगरा, आणि वाफ्यांत या उन्हाळ्याची भेंडी-टोमॅटो. गेल्या ऑक्टोबरात पहिला पाऊस पडला तेव्हा हौसेने भेंडी, दुधी आणि गवार पेरली. निम्मं बी कुजलं, उगवलं ते वीतभरही वाढलं नाही. आता येत्या गुरुवारी पुन्हा एक इंच पावसाचा अंदाज आहे, आज सोमवार आहे, आणि या आठवड्यात काय, कोणत्या क्रमाने करायचं हे तुम्हाला हवंय.

मी सनीवेलमध्ये २२ वर्षं बाग करते आहे. आधी तुमचं बी का गेलं ते सांगते, कारण ते कळलं की आठवड्यातली निम्मी कामं आपोआप सुचतील.

आपल्या मनात पहिला पाऊस म्हणजे मृग. तापलेली जमीन, वर पाणी, आणि पुढे चार महिने ऊब. इथे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, म्हणजे दिवस लहान होत असताना आणि माती निवत असताना. उन्हाळाभर, मे ते सप्टेंबर, जवळजवळ थेंब नाही. वर्षाचा सगळा पाऊस हिवाळ्यात. सॅन होजेला तो वर्षाला साधारण १४-१५ इंच, म्हणजे साडेतीनशे ते पावणेचारशे मिलिमीटर. भेंडीला माती २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवी. ओल्या, गार मातीत ते बी फुगतं आणि तिथेच सडतं.

आमचं मूळ गाव मंगळवेढ्याजवळ. अण्णा खरिपाच्या भरवशावर कधीच राहिले नाहीत. त्यांचं वर्ष हस्ताच्या पावसानंतर सुरू व्हायचं, काळ्या रानात शाळू पेरायचा आणि साठलेल्या ओलीवर तो काढायचा. इथे आल्यावर पहिली तीन वर्षं मीही तुमच्यासारखीच फसले. मग एकदा लक्षात आलं की हा पाऊस भोंडल्याच्या दिवसांतला आहे, हा हत्तीचा पाऊस आहे. त्या दिवसापासून मी इथल्या ऑक्टोबराला रब्बी समजते. फरक एवढाच की आपल्याकडे रब्बी पेरताना पाऊस निरोप घेत असतो, इथे तो नुकता येत असतो. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, लसूण, कोबी, शेपू, चाकवत, हरभरा: ही यादी तुम्हाला शिकवावी लागणार नाही. तुमच्या आजीच्या मळ्यात दिवाळीच्या सुमाराला जे होतं, ते इथे आता लावायचं.

आता आठवडा.

आज आणि उद्या आधी फळं काढा. बाकी काही जमलं नाही तरी हे कराच. डाळिंबाची साल उन्हाळाभर सुकून ताठ झालेली असते. पाऊस पडला की झाड पाणी ओढतं, दाणे फुगतात, साल ताणली जात नाही आणि फळ तडकतं. एका रात्रीत अर्धं झाड उकललेलं मी पाहिलं आहे. मग त्यात बुरशी आणि मुंग्या. डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे तयार झालेलीच घ्या: गोलाईला थोडे कंगोरे आलेले, साल चकाकी सोडून खरखरीत झालेली, टिचकी मारल्यावर टणत्कार देणारी. ओढून तोडू नका, कात्रीने देठासकट कापा. झाड पावसाआधी कोरडंठाक असेल तर तडकणं जास्त, म्हणून पुढच्या वर्षी सप्टेंबरात पाणी एकदम तोडू नका, थोडं थोडं देत राहा.

टोमॅटोचंही तसंच. किंचित रंग धरलेले सगळे उतरवा, ते घरात पिकतील. खिडकीच्या उन्हात ठेवायची गरज नाही, टोपलीत कागदाखाली ठेवा. पूर्ण हिरव्यांची तीळ-शेंगदाणे घालून चटणी करा. भेंडीच्या झाडांचा आता मोह नको. ती जमिनीलगत कापा आणि मुळं आत राहू द्या. उपटलीत तर माती उकरली जाईल आणि पावसाने बसेल.

उद्याच छपराच्या पन्हळी साफ करा. दीड हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस म्हणजे साडेतीन हजार लिटर पाणी. पन्हळ पानांनी तुंबली तर ते सगळं एकाच जागी, बहुतेक वेळा भिंतीच्या पायाशीच कोसळतं. खाली येणाऱ्या नळाचं तोंड घरापासून दूर, झाडांच्या दिशेने वळवा. पिंप लावणार असाल तर पहिल्या पावसाचं पाणी त्यात घेऊ नका. छपरावर सहा महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची घाण आहे, आणि इथली बरीचशी छपरं डांबरी कौलांची असतात. पहिला पाऊस छप्पर धुण्यासाठी, दुसरा पिंपासाठी.

पन्हळीतला आणि अंगणातला पाचोळा रस्त्याकडच्या गटारात ढकलू नका. आपल्या भागात ती गटारं सांडपाण्याच्या प्रक्रियेला जात नाहीत, पाणी नाल्यांतून थेट खाडीत जातं. त्याच कारणासाठी पावसाच्या तोंडावर लॉनवर खत टाकू नका. वरून पाऊस आला की ते खत मासे आणि पक्ष्यांच्या वाट्याला जातं. पाचोळा मात्र सोनं आहे. जर्दाळूचा, मेपलचा, शेजाऱ्यांनी रस्त्याकडेला ढीग लावून ठेवलेला, विचारून सगळा घ्या आणि कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात भरून ठेवा. वर्ष-दीड वर्षात त्याची काळी, भुसभुशीत कुजलेली माती होते.

आणि ठिबक-तुषारचा टायमर बंद करा. पावसात भर पहाटे पाच वाजता तुषार सुरू असलेली अंगणं दरवर्षी दिसतात. पाण्याचं बिल सोडा, ओल्या चिकणमातीवर आणखी पाणी म्हणजे मुळांचा श्वास कोंडणं.

आता जर्दाळू. तुम्ही नाशिकचे आहात म्हणून यावर जास्त बोलते. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची गोडी छाटणी, हे तुमच्या मनात बसलेलं असणार. पाऊस गेला, कात्री काढा. इथे नेमकं उलटं आहे. युटायपा नावाची एक बुरशी जुन्या, मेलेल्या लाकडावर राहते. पाऊस पडला की तिचे बीजाणू बाहेर पडतात, वाऱ्याबरोबर पसरतात आणि ताज्या छाटणीच्या जखमेतून झाडात शिरतात. त्या वर्षी काहीच दिसत नाही. नंतरच्या एखाद्या उन्हाळ्यात एक आख्खी फांदी अचानक वाळते, पानं गळतही नाहीत, फांदीवर तशीच लोंबत राहतात, आणि जखमेभोवती डिंक दिसतो. मग उपाय एकच: निरोगी लाकूड लागेपर्यंत, त्याच्याही फूटभर खाली फांदी कापायची. माझ्या पहिल्या जर्दाळूची मुख्य फांदी अशीच गेली. पानं गळून झाड मोकळं दिसलं तेव्हा, नोव्हेंबरात, दोन पावसांच्या मधल्या कोरड्या दिवशी मी ते छाटलं होतं. त्या झाडाने १२ वर्षं फळ दिलं होतं. अजून चुटपुट लागते.

म्हणून जर्दाळू आणि चेरी जुलै-ऑगस्टमध्ये, फळं उतरल्यावर छाटायची, म्हणजे पाऊस यायला किमान सहा आठवडे तरी मिळतात आणि जखम बुजते. या आठवड्यात तुमच्या झाडाला कात्री लावायची नाही. एखादी फांदी आडवी येत असेल तर दोरीने बांधून घ्या आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहा. द्राक्षाचा वेलही याच बुरशीला बळी पडतो, पण तो उन्हाळ्यात छाटता येत नाही. त्यामुळे वेल असेल तर छाटणी फेब्रुवारीअखेरीपर्यंत लांबवा. नाशिकसारख्या दोन छाटण्या इथे नाहीत, वेल थंडीत पूर्ण झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो.

ते जर्दाळू जपा, एवढं मनापासून सांगते. आज जिथे संगणकाच्या कंपन्या आहेत ते सगळं सांता क्लारा खोरं एकेकाळी जर्दाळू, प्लम आणि चेरीच्या बागांनी भरलेलं होतं. सनीवेलमध्ये गावाने ब्लेनहाइम जातीच्या जर्दाळूंची एक बाग अजून राखली आहे. जूनअखेरीस तिथलं फळ एकदा खाऊन बघा. तुमच्या अंगणातलं झाड कुणी, कधी लावलं माहीत नाही, पण तेही त्याच परंपरेतलं आहे.

बुधवारी, म्हणजे पावसाच्या आदल्या दिवशी, पेरायच्या त्या फक्त दोन गोष्टी. एक, कॅलिफोर्निया पॉपी. हे राज्याचं फूल, १९०३ पासून अधिकृत. बी बारीक असतं. कुंपणाच्या कडेची माती दाताळ्याने नुसती खरवडायची, बी वाळूत मिसळून फेकायचं, पायाने हलकं दाबायचं. पुरायचं नाही, खत घालायचं नाही. पाऊस बाकीचं करतो आणि मार्चमध्ये कुंपण केशरी होतं. दुसरी गोष्ट, जो वाफा हिवाळ्यात रिकामा राहणार आहे त्यात फावा. ही मोठ्या दाण्याची शेंग, उत्तर भारतात तिला बाकला म्हणतात. आपण ताग किंवा धैंचा गाडतो तसं हे इथलं हिरवळीचं खत. दोन इंच खोल, सहा-आठ इंचांवर टोकायचं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं दिसू लागली की जमिनीलगत कापून तिथेच पसरायचं. मुळांवरच्या गाठींतलं नत्र मातीत राहतं. दाणे खाणार असाल तर एक काळजी घ्या: घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या लाल पेशी जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर फावा त्यांच्यासाठी धोक्याचा आहे.

गुरुवारी, पाऊस पडत असताना, बागेत पाऊल टाकू नका. खिडकीतून किंवा पायवाटेवरून बघा मात्र जरूर. पाणी कुठे साठतं, कुठून वाहतं, कुंपणापलीकडून येतं का, हे वर्षातून या एकाच दिवशी नीट दिसतं, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर उन्हाळ्यात चर कुठे काढायचा हे कळतं. इथला पाऊस एरवी मवाळ असतो, पण कधी कधी पॅसिफिकवरून बाष्पाचा लांबलचक पट्टा येतो, त्याला ॲटमॉस्फेरिक रिव्हर म्हणतात. २४ ऑक्टोबर २०२१ ला असाच आला. सॅक्रामेंटोमध्ये त्याआधी २१२ दिवस कोरडे गेले होते आणि मग २४ तासांत ५.४४ इंच पाऊस पडला. पहिला पाऊस हलकाच असेल असं धरून चालू नका.

रात्री पाऊस थांबला की टॉर्च आणि बादली घेऊन निघा. गोगलगायी उन्हाळाभर कुंड्यांखाली आणि कुंपणाच्या फटींत दडून असतात आणि पहिल्या ओलीला झाडून बाहेर येतात. १८५०च्या दशकात खाण्यासाठी म्हणून ही जात इथे आणली गेली आणि बागांत पसरली. त्या रात्री हाताने वेचलेल्या शंभर गोगलगायी म्हणजे पुढच्या महिन्यात वाचलेला मेथीचा वाफा. गोगलगायी मारायचे विषारी दाणे टाकायचेच असतील तर आयर्न फॉस्फेटचे घ्या. मेटाल्डिहाइडचे कुत्र्या-मांजरांना मारक असतात.

शुक्रवार-शनिवार हे सगळ्यात कठीण दिवस, कारण या दिवशी काहीच करायचं नाही. माती काळी, ओली, वास सुटलेला, सुट्टीचा दिवस, हातात फावडं. थांबा. तुमच्या अंगणातली माती ही आपल्या काळ्या कापसाच्या मातीची सख्खी बहीण आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात चिखल, आणि ओली असताना तुडवली की वाळल्यावर वीट. एका वर्षी मी शनिवारी खणलं आणि पुढचा पूर्ण उन्हाळा त्या ढेकळांशी झगडले. त्या वाफ्यातली गाजरं बोटभर वाढून दुभंगली होती.

वाफसा येऊ द्या. हा शब्द इथल्या इंग्रजी पुस्तकांत एका शब्दात सापडत नाही, आपल्याकडे आहे, तो वापरा. अण्णांची परीक्षा अशी होती: चार बोटं खालची माती मुठीत घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची आणि अंगठ्याने गोळ्याला ढोसायचं. गोळा चिकट राहून नुसता दबला तर परत घरी. गोळा झाला आणि ढोसल्यावर भुगा होऊन सुटला तर वाफसा आला. इथे एक इंच पावसानंतर, ऊन असेल तर, चिकणमातीला तीन-चार दिवस लागतात. उंच वाफ्यांत कंपोस्ट भरलेलं असेल तर दुसऱ्या दिवशीही चालतं.

त्याआधी एक गोष्ट तपासा, जी जवळपास सगळे विसरतात. खुरप्याने एके ठिकाणी वीतभर खड्डा करा आणि ओल किती खोल गेली ते बघा. कोरड्या चिकणमातीत एक इंच पाऊस जेमतेम चार-पाच इंच उतरतो. पाव इंच पडला असेल तर वरचा इंचभर थर ओला आणि खाली राख. वरून बाग भिजलेली दिसते आणि लिंबाची मुळं मात्र तहानलेली असतात. म्हणून टायमर बंद केला तरी पहिल्या पावसानंतर मोठ्या झाडांना एकदा हाताने खोल पाणी द्यावं लागू शकतं. खड्डा सांगेल ते करा.

रविवारी-सोमवारी वाफसा आला की पेरणी. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा थेट वाफ्यात. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन करा, नेहमीसारखे. वर चिकणमाती ओढू नका. पुढच्या पावसाने तिची खपली धरते आणि कोंब खाली अडकतो. चाळलेल्या कंपोस्टचा अर्धा इंच थर द्या. वाटाण्याला आधीच जाळी लावा. कोबी-फ्लॉवरची रोपं विकत घ्या, बियांपासून करायला आता उशीर झाला.

उशीर का, तर दिवसाच्या लांबीमुळे. पुण्यात डिसेंबरातही दिवस ११ तासांचा असतो. इथे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तो १० तासांच्या खाली जातो आणि जानेवारीअखेरीपर्यंत तिथेच राहतो. त्या काळात भाजी मरत नाही, पण वाढही जवळजवळ थांबते. त्यामुळे आज पेरलेली मेथी महिन्या-सव्वा महिन्यात हाताशी येते आणि नोव्हेंबरअखेर पेरलेली फेब्रुवारीपर्यंत ताटकळवते. एक आठवडा इथे एका महिन्याएवढा आहे.

लसूण मात्र निवांत, नोव्हेंबरभर लावता येतो. गिलरॉय, जे स्वतःला जगाची लसूण राजधानी म्हणवतं, आपल्यापासून तासाभरावर आहे, तेव्हा हवा लसणाला मानवते हे सांगायला नको. किराणा दुकानातला लसूण लावू नका. त्यातून रोग येऊ शकतो आणि तो वर्षानुवर्षं मातीत राहतो. नर्सरीतून लावायचा लसूण घ्या. जूनमध्ये खालची पानं पिवळी पडली की काढा.

फळझाडं किंवा इथली देशी झुडपं (सिॲनोथस, मँझनिटा, टोयॉन) लावायची असतील तर पुढचे सहा आठवडे सर्वांत चांगले. हिवाळ्याचा पाऊस फुकटात मुळं रुजवून देतो आणि मेपर्यंत झाड स्वतःच्या पायावर उभं राहतं. वसंतात लावलेल्या झाडाला उन्हाळाभर पाणी घालत बसावं लागतं. खणण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी फुकट आखून देतात.

राहिल्या कुंड्या. त्यांच्या खालच्या थाळ्या आताच काढून टाका, साठलेलं पाणी मुळंही कुजवतं आणि डासही वाढवतं. कढीपत्ता आणि मोगरा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून, ओसरीखाली ठेवा. हिवाळ्यात कढीपत्ता पानं टाकतो. घाबरून खत घालू नका, पाणी कमी करा. आता घातलेल्या नत्राने कोवळी फूट येते आणि पहिल्या दहिवराला ती करपते, लिंबाचंही हेच. एक मात्र कळकळीने सांगते: पुढच्या भारतभेटीत कढीपत्त्याचं रोप किंवा फांदी सामानात आणू नका, आणि ओळखीच्यांकडून फांद्याही घेऊ नका. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा ग्रीनिंग रोग ज्या सिलिड किड्याने पसरतो, त्याचं कढीपत्ता हे आवडतं घर आहे. हा रोग कॅलिफोर्नियात पहिल्यांदा २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या बाजूला सापडला आणि त्यावर उपाय नाही. रोप परवानाधारक नर्सरीतूनच घ्या, आणि कोवळ्या शेंड्यांवर पांढऱ्या मेणासारखे तंतू सोडणारी बारीक पिवळी पिल्लं दिसली तर राज्याच्या कृषी खात्याला कळवा.

तुळस इथला हिवाळा बाहेर काढत नाही. घरात उजेडाच्या खिडकीत ती तुळशीच्या लग्नापर्यंत नक्की तग धरते, नंतर बहुतेक काडी उरते. म्हणून आजच, पावसाने भिजायच्या आत, सुकलेल्या मंजिऱ्या खुडून तळहातावर चोळा. काळं बारीक बी कागदाच्या पुडीत बांधा, वर तारीख घाला. मे महिन्यात रात्रीचं तापमान १३ अंशांच्या वर राहायला लागलं की ती पुडी उघडा. तुमची भेंडी, दुधी आणि गवारही त्याच आठवड्यात पेरा.